पीसीओडी शंभरात किती जणींना? आधी छेद पाहू

माझी भाची नागपुरातल्या धंतोलीहून सोनोग्राफी करून थेट माझ्याकडेच आली, मानेवाड्याला, मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता. तोंडाचा स्कार्फ सोडायच्या आधी तिनं फाइल टेबलावर ठेवली नं म्हणाली, "मावशी, तू गणित शिकवते नं, मग मला एक सांग, शंभर पोरींमधे किती जणींना असते हे?"

रिपोर्टच्या खालच्या ओळीत ठळक अक्षरात होतं, दोन्ही बाजूला पीसीओडी, म्हणजे बीजांडकोषाचं दुखणं. वय १९. येता येता मेट्रोत तिनं फोनवर शोधून पाहिलं तर एका ठिकाणी सहा टक्के, दुसऱ्या ठिकाणी दहा, तिसऱ्या ठिकाणी वीस. "यातलं कोण खोटं बोलून राहिलं?" असं तिनं विचारलं, आणि मला कळत होतं की तिला आकडा नकोच आहे, तिला हे पाहिजे की मी एकटीच आहे का.

एकटी नाही, हे मी लगेच सांगितलं. पण आकड्यांचं उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले, कारण मी वाचत गेले तसं लक्षात आलं की तिन्ही आकडे खरे आहेत. मी नववी-दहावीच्या पोरांना पहिल्या दिवसापासून सांगते की टक्केवारी दिसली की आधी विचारायचं, अंश काय नं छेद काय, वर कोणाला मोजलं नं खाली कोणाकोणाला धरलं. पीसीओडीच्या बाबतीत वरचाही बदलतो नं खालचाही बदलतो, म्हणून इतका घोळ.

आधी आजार काय ते थोडक्यात. आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात, डॉक्टरसुद्धा, रील्सवर कोणी कोणी हे दोन वेगळे आजार असल्याचं पण सांगतात, पण डॉक्टर लोक जगभर ज्या नियमांनी निदान करतात त्यात नाव एकच आहे, पीसीओएस, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. नावातच गडबड आहे, कारण सोनोग्राफीत जे दिसते त्या गाठी नसतात नं सिस्ट पण नसतात. आपल्या काटोल-वरुडकडे संत्र्याचा बहार धरतो, झाडावर बारीक बारीक फळं लागतात, आता समजा एका वर्षी खूप फळं धरली पण एकही मोठं होऊन पिकलं नाही, सगळी लिंबाएवढीच राहून गेली, तसं. बीजांडकोषात दर महिन्याला काही बारीक पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक मोठी होते, फुटते, बीज बाहेर पडते नं त्याच हिशोबानं मग पाळी येते. इथे त्या पिशव्या काही मिलिमीटरवर अडकतात, बीज सुटत नाही, पाळी लांबते. काढून टाकायची गाठ तिथे नसतेच, हे भाचीला सांगितल्यावर तिनं पहिला मोकळा श्वास घेतला, कारण सोनोग्राफीपासून तिच्या डोक्यात ऑपरेशनच घुमत होतं.

अडकतात काहून, तर बऱ्याच जणींमधे त्यामागे इन्सुलिन असते. शरीराचे स्नायू नं लिव्हर इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड अजून इन्सुलिन पाठवते, पण बीजांडकोष मात्र त्याचं चांगलंच ऐकतो नं पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखे, जास्त बनवायला लागतो. (हे हार्मोन प्रत्येक बाईत थोडे असतातच, नुसतं असणं म्हणजे काही बिघाड नाही.) वरून त्या जास्तीच्या इन्सुलिननं लिव्हरमधलं एक प्रोटीन कमी होते, जे हे हार्मोन बांधून ठेवत असते, मग ते रक्तात मोकळे फिरतात. त्यातून हनुवटीवर जाड केस, जुने न हटणारे पिंपल्स, डोक्यावरचे केस विरळ. मानेवरची काळी पट्टी, जी घासून घासून मुली कातडी सोलून घेतात, ती मळ नसते, ती इन्सुलिनची खूण असते. मला हे कोणी वीस वर्षांआधी सांगितलं असतं तर माझ्या ट्यूशनमधल्या दोन-तीन मुलींना मी "मान नीट धूत जा" असं कधी म्हटलं नसतं.

आता अंश. हा आजार आहे असं कोणाला म्हणायचं?

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन नं लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात बायकांबद्दल लिहिलं, पाळी येत नाही नं बीजांडकोष मोठे झालेले. फक्त सात. तिथून कितीतरी वर्षं ज्याला त्याला जसं वाटेल तसं निदान चालू होतं. मग १९९० मधे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनं भरवलेल्या बैठकीतून पहिली चाळणी आली: पाळी अनियमित पाहिजे आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं पण पाहिजेत, दोन्ही, नं दुसरं कारण नाही हे तपासलेलं पाहिजे. सोनोग्राफीचं त्यात कामच नव्हतं. २००३ मधे नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला डॉक्टर जमले नं त्यांनी चाळणीची भोकं मोठी केली, तीन गोष्टी धरल्या, पाळी, हार्मोनची लक्षणं, सोनोग्राफी, नं यातल्या कोणत्याही दोन असल्या की झालं. २००६ मधे हार्मोनवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका संघटनेनं मधली चाळणी काढली, की हार्मोनचं लक्षण हवंच हवं, सोबत पाळी किंवा सोनोग्राफी यातलं एक असलं तरी चालते.

आता समजा चार जणी आहेत, पंचविशीतल्या. पहिलीची पाळी दोन-दोन महिन्यांनी येते नं चेहऱ्यावर जाड केस आहेत, ती तिन्ही चाळण्यांवर धरल्या जाते. दुसरीची पाळी घड्याळासारखी वेळेवर, पण केस आहेत नं सोनोग्राफीत बारीक पिशव्या भरपूर, तिला १९९० च्या चाळणीनं सोडलं, बाकी दोन्हींनी धरलं. तिसरीची पाळी अनियमित, सोनोग्राफी पण तशीच, पण केस नाहीत, पिंपल्स नाहीत, रक्तातले हार्मोन पण ठीक, तिला फक्त रॉटरडॅमची चाळणी धरते. चौथीला काहीच त्रास नाही, पोटाच्या दुसऱ्याच कामासाठी सोनोग्राफी केली नं त्यात पिशव्या दिसल्या, तिला कोणतीच चाळणी धरत नाही, म्हणजे तिला पीसीओएस नाहीच, नुसत्या सोनोग्राफीवर कोणाला हा आजार होत नसतो. पण आपल्या शहरात या चौथीसारख्या किती जणी घाबरून फाइल घेऊन फिरून राहिल्या असतील, ते आठवलं की मला खरंच वाईट वाटते.

चार जणी त्याच, चाळणीप्रमाणे आजारी एक, दोन नाहीतर तीन. हेच देशाच्या पातळीवर झालं. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या अभ्यासाचे आकडे २०२४ मधे आले, देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या १८ ते ४० वयाच्या सुमारे ९,८०० बायका, दवाखान्यात उपचाराला आलेल्या नाही तर लोकवस्तीतून घेतलेल्या. १९९० च्या नियमानं ७.२ टक्के. २००६ च्या नियमानं १३.६ टक्के. रॉटरडॅमच्या नियमानं १९.६ टक्के. पाहणी एकच आहे, वर्ष तेच नं देश तोच. म्हणजे एखाद्या कॉलेजमधे ६० पोरींचा वर्ग असला तर या हिशोबानं चार, नाहीतर आठ, नाहीतर बारा. भाचीनं फोनवर पाहिलेला वीस टक्केवाला आकडा असाच आलेला असणार, आणि सहावाला जुन्या कडक चाळणीचा, कारण जगभरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा कडक नियमानं साधारण ६ नं बाकी दोन्ही नियमांनी साधारण १० टक्के आले होते. जागतिक आरोग्य संघटना आज १० ते १३ टक्के असं सांगते.

बरं मग बरोबर चाळणी कोणती? आज जगभर रॉटरडॅमचीच चालते, थोडी दुरुस्त केलेली, नं २०१२ मधेच तज्ज्ञांनी हे पण म्हटलं होतं की नुसतं पीसीओएस आहे म्हणून सोडू नका, तीनपैकी कोणत्या दोन गोष्टींमुळे म्हणता ते लिहा. मला हे फार पटते. कारण पहिलीचं नं तिसरीचं दुखणं सारखं नाही, पाळी नं हार्मोन दोन्ही बिघडलेल्या जणींना पुढे शुगरचा धोका साधारणपणे जास्त दिसतो. तुमच्या कागदावर कोणत्या दोन ते लिहिलं नसेल तर विचारा, तो तुमचा हक्क आहे.

सोनोग्राफीच्या चाळणीत अजून एक गंमत आहे. २००३ मधे एका बीजांडकोषात १२ पिशव्या दिसल्या की पुरे होतं. मग मशिनी इतक्या बारीक झाल्या की धडधाकट तरुण मुलींमधे पण बारा सहज दिसायला लागल्या, म्हणून आता २० ची मर्यादा आहे, तेही आतून केलेल्या चांगल्या मशिनीवरच्या सोनोग्राफीत. आपल्याकडे लग्न न झालेल्या पोरीची सोनोग्राफी पोटावरूनच करतात, त्यात एवढ्या बारीक पिशव्या मोजणं कठीणच जाते, तिथे बीजांडकोषाचा आकार पाहतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर हे पण सांगितलं की पाळी अनियमित नं हार्मोनची लक्षणं दोन्ही असतील तर निदानासाठी सोनोग्राफीची गरजच नाही, आणि मोठ्या बायकांमधे तिच्या जागी एएमएच नावाची रक्ततपासणी चालू शकते.

आता छेद, खाली कोणाला धरलं. मूल होत नाही म्हणून आलेल्या बायकांच्या ओपीडीत बसून मोजलं तर आकडा फुगणारच, जसं शेगावच्या गाडीत बसून विचारलं की गजानन महाराजांना किती जण मानतात तर शंभरातले शंभर. म्हणून जे अभ्यास चांगले मानतात त्यांनी छेद जपून निवडला. अमेरिकेत अलाबामाला नोकरीआधीच्या मेडिकल तपासणीला आलेल्या ४०० बायका घेतल्या, २००४ चा अभ्यास, १९९० च्या नियमानं ६.६ टक्के. ऑस्ट्रेलियात अॅडलेडला तर एका प्रसूती हॉस्पिटलमधे १९७३ ते १९७५ मधे जन्मलेल्या मुलींना मोठेपणी शोधून काढलं, ७२८ जणींची तपासणी झाली. त्यात कडक नियमानं ८.७ टक्के नं रॉटरडॅमनं जवळपास १२, आणि ज्यांची सोनोग्राफी झाली नव्हती त्यांचा अंदाज धरला तर जवळपास १८. २०१० मधे हे छापलं गेलं आणि त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, ज्यांना आजार निघाला त्यातल्या दहापैकी जवळपास सात जणींना आधी माहीतच नव्हतं.

वयाचा छेद तर आपल्या घरच्या प्रश्नाला येऊन भिडला. मुंबईला १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास झाला, २०१४ चा, त्यात रॉटरडॅमनं २२.५ टक्के नं २००६ च्या नियमानं १०.७, निम्म्याहून कमी. एवढा फरक काहून? कारण कोवळ्या वयात बीजांडकोषात पिशव्या भरपूर दिसणं नं पाळी मागेपुढे होणं हे पुष्कळदा वाढीचाच भाग असते. म्हणून आता नियम असा आहे, की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफी निदानासाठी वापरायचीच नाही, नं पाळी अनियमित आणि हार्मोनची लक्षणं, दोन्ही असल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. एकच असेल तर 'पुढे होऊ शकते' असं धरून लक्ष ठेवायचं नं नंतर परत पाहायचं.

मी हे वाचलं नं बोटावर मोजलं. भाचीला पाळी तेराव्या वर्षी आली, आता एकोणीस. सहा वर्षं. म्हणजे जी सोनोग्राफी पाहून तिला सांगण्यात आलं ती या वयात धरायचीच नव्हती! मला इतका आनंद झाला की रात्री साडेदहाला तिला फोन लावला, म्हटलं तुला नाहीये गं, कागद चुकला. ती गप्प. मग हळूच म्हणाली, "मावशी, मी दर पंधरा दिवसांनी हनुवटीची थ्रेडिंग करते. गळ्याखाली पण. नं पोटावर पण आहेत."

डॉक्टरांनी विचारलं नव्हतं नं तिनं सांगितलं नव्हतं. सक्करदऱ्याच्या पार्लरमधून आदल्या दिवशीच साफ करून गेली होती तपासणीला, लाज वाटते म्हणून. पाळी पन्नास-साठ दिवसांनी, वर्षात सहा-सात वेळा, ते होतंच, आणि पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावर ३५ दिवसांच्या वर जाणं किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येणं हे अनियमितच. म्हणजे कागद बरोबर निघाला, फक्त ज्या कारणानं लिहिला ते कारण चुकीचं होतं. दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी सगळं पुन्हा विचारलं, थायरॉइड, प्रोलॅक्टिन नं अजून एक-दोन रक्ततपासण्या करून दुसरी कारणं बाजूला काढली, नं मग सांगितलं की हो, आहे.

त्या रात्रीपासून मला ते दहापैकी सात जणींचं कोडं सुटल्यासारखं वाटते. जागतिक आरोग्य संघटना पण म्हणते की जगात ७० टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला हे आहे ते माहीत नसते. केस धाग्यानं निघून जातात, पाळी गोळ्या देऊन आणता येते, पिंपल्सला क्रीम लागते, नं मानेला उटणं. प्रत्येक गोष्ट वेगळ्या दुकानात नीट होते, मग सगळ्या मिळून एकच आहेत हे दिसणार कोणाला? वरून आपले लोक म्हणतात लग्न झालं की पाळी येते बरोबर. नं मुलगी बारीक असली तर कोणी विचारत पण नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे की हे जाड मुलींना होते. वजनानं त्रास वाढतो हे खरं आहे, पण बारीक मुलींना पण होते, आणि त्या पुष्कळदा उशिरा सापडतात.

माझी आई म्हणते आमच्या काळी हे काही नव्हतं. मी तिला विचारलं, आत्याची पाळी तीन-तीन महिने यायची नाही असं तूच सांगायची नं, नं ती तुळशीमागे बसून चिमट्यानं हनुवटीचे केस काढायची ते? आई जरा वेळ थांबली नं म्हणाली, हो बाप्पा. हा आजार घराण्यातून येतो, एकच जनुक नाही, कितीतरी मिळून. त्यामुळे आकडे वाढलेले दिसतात त्यात चाळणी मोठी झाली तो भाग आहे, गल्लोगल्ली सोनोग्राफी आली तो भाग आहे, मुली बोलायला लागल्या तो पण आहे, आणि वजन वाढलं, हालचाल कमी झाली म्हणून आधी झाकून राहिलं असतं ते आता बाहेर पडते, तो पण असणार. नुसतं 'पिझ्झ्यामुळे वाढलं' म्हणून मोकळं होऊ नये, त्यात पोरीलाच दोषी केल्यासारखं होते.

कळल्यावर करायचं काय, हे प्रत्येकीचं वेगळं असते नं ते डॉक्टरच सांगतील, खाजगीत जमत नसेल तर मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांत कुठेही स्त्रीरोग विभागात दाखवा. पण दोन-तीन गोष्टी सगळ्यांना कामाच्या. पाळी तीन महिन्यांच्या वर लांबू देऊ नका, कारण गर्भाशयाचं अस्तर साचत राहिलं तर पुढे त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी तरुणपणीच तपासा. मन उदास राहत असेल, घाबरल्यासारखं होत असेल तर ते पण डॉक्टरांना सांगा, या आजारात ते जास्त दिसते, नाटक नसते. आणि मूल होणार नाही हे जे पहिलं वाक्य प्रत्येक मुलीला ऐकावं लागते ते चूक आहे, बहुतेक जणींना मुलं होतात, काहींना बीज सुटायला गोळ्यांची मदत लागते, एवढंच.

भाचीच्या कॅलेंडरवर आता पाळीच्या तारखा असतात. तिनं होस्टेलच्या मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्याच खोलीतली एक म्हणाली, माझी पण अशीच येते, नं पुढच्या आठवड्यात ती पण दाखवायला जाऊन राहिली आहे. शनिवारी भाचीची ग्लुकोजची तपासणी आहे, रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं नं दोन तास बसून परत रक्त. ते दोन तास फार कंटाळवाणे असतात म्हणे, म्हणून सकाळची बॅच मी रविवारी घेतली आहे नं तिच्यासोबत जाणार आहे.